इंग्रजी क्रियापदाचा काळ आणि क्रियेची अवस्था

उच्च प्राथमिक वर्गांत इंग्रजीच्या बारा काळांचा तक्ता बहुधा भिंतीवर टांगलेला असतो. विद्यार्थी तो तोंडपाठ म्हणतात. साधा, चालू, पूर्ण, चालू पूर्ण ही नावे न अडखळता सांगतात. आणि नंतर वहीत 'ही डिड नॉट वेन्ट' असे लिहितात. शिक्षक त्यावर लाल शाईने काट मारतात, विद्यार्थी ते वाक्य दहा वेळा लिहून आणतो, आणि पुढील आठवड्यात तीच चूक दुसऱ्या क्रियापदाचा वेष घेऊन परत येते. अशा वेळी मूल मंद आहे असा निष्कर्ष काढणे सोपे असते. मुलालाही तो लवकरच पटतो व इंग्रजीच्या तासाला ते मागच्या बाकावर सरकते. परंतु एकच चूक निरनिराळ्या शाळांतील निरनिराळी मुले एकाच साच्यात करीत असतील, तर तिचे कारण मुलाच्या बुद्धीत शोधण्यापेक्षा आपल्या शिकविण्यात शोधणे अधिक न्यायाचे होय.

तक्ता चुकीचा नसतो. तो बांधून झालेली बारा घरे दाखवितो, ती कशी बांधली हे दाखवीत नाही, एवढीच त्याची उणीव. महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाऊ लागले. त्यामुळे 'आय ॲम गोइंग' यासारखी वाक्ये मूल लहानपणी कानाने उचलते, आणि ती रचना उलगडून दाखविण्याचे काम पुढे पाचवी ते आठवीच्या शिक्षकांवर येते. त्यांनी प्रथम हे ध्यानात घ्यावे की, बारा काळ ही बारा निरनिराळी रूपे नव्हेत. थोड्याशा रूपांची आणि तीन-चार साहाय्यक शब्दांची ती जुळणी आहे.

आपण ज्याला 'काळ' म्हणतो त्यात वस्तुतः दोन प्रश्न एकत्र आलेले असतात. क्रिया केव्हाची, हा पहिला; आणि त्या वेळी क्रिया कोणत्या अवस्थेत होती, हा दुसरा. मराठीतील ही चार वाक्ये फळ्यावर लिहावीत : 'ती पत्र लिहीत आहे'. 'ती पत्र लिहीत होती'. 'तिने पत्र लिहिले आहे'. 'तिने पत्र लिहिले होते'. पहिल्या दोन वाक्यांत 'लिहीत' बदललेले नाही, फक्त 'आहे'चे 'होती' झाले. म्हणजे वेळ बदलली, अवस्था तीच राहिली. पहिल्या व तिसऱ्या वाक्यांत 'आहे' कायम आहे, पण 'लिहीत'चे 'लिहिले' झाले. म्हणजे वेळ तीच, अवस्था बदलली. हा भेद मुलांना आधीपासून येतो, कारण ती मराठी बोलतात. इंग्रजीच्या तासाला तो नव्याने शिकवायचा नसून केवळ जागा करावयाचा आहे.

याबरोबरच दुसरी एक गोष्ट सांगून ठेवावी. क्रियापदाचे रूप आणि घड्याळातील वेळ यांची नेहमी गाठ पडतेच असे नाही. आईने हाक मारली की मूल घराबाहेरूनच 'आलो, आलो!' म्हणून ओरडते. रूप भूतकाळाचे, पण मूल अजून अंगणातसुद्धा पोचलेले नसते. 'गाडी उद्या सहाला सुटते' या वाक्यात रूप वर्तमानाचे आणि वेळ उद्याची. इंग्रजीतही हेच घडते. 'द बस लीव्ज ॲट सिक्स टुमॉरो' हे वाक्य शुद्ध आहे, आणि 'इफ आय न्यू' मधील 'न्यू' भूतकाळाचे रूप असूनही गोष्ट आताचीच आहे. म्हणून रूप कसे बनते हे आधी पक्के करावे, व ते कोणत्या वेळी वापरतात हे मागाहून सांगावे.

आता प्रत्यक्ष रूपांकडे वळू. मराठी क्रियापदाला लिंग, वचन व पुरुष या तिन्हींचा भार वाहावा लागतो : गेलो, गेलास, गेला, गेली, गेले, गेल्या. त्या मानाने इंग्रजी क्रियापद फार गरीब आहे, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही गरिबी सुखाची आहे. 'राइट' या क्रियापदाची एकंदर रूपे पाच : राइट, राइट्स, रोट, रिटन, रायटिंग. 'प्ले'ची चारच, कारण त्याचे दुसरे व तिसरे रूप 'प्लेड' हेच आहे. 'कट'ची तर तीनच : कट, कट्स, कटिंग. सर्वांत श्रीमंत क्रियापद म्हणजे 'बी'. त्याची बी, ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीन, बीइंग अशी आठ रूपे होतात. बारा काळांचा सर्व पसारा एवढ्या सामग्रीतून उभा राहतो.

यातही क्रियापदाच्या अंगावर काळाची खूण उमटते ती दोनच काळांची, वर्तमान आणि भूत. 'राइट', 'राइट्स' हे वर्तमान. 'रोट' हा भूत. भविष्यकाळाचे स्वतंत्र रूप इंग्रजी क्रियापदाला नाही. मराठीत 'लिहील' हे एक शब्दरूप आहे. इंग्रजीत मात्र 'विल' हा दुसरा शब्द पुढे उभा करावा लागतो. हा 'विल' मूळचा 'इच्छिणे' या अर्थाचा. डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी तर इंग्रजीला भविष्यकाळ नाहीच, असे प्रतिपादन केले होते. शाळेच्या पुस्तकांत भविष्यकाळ हे नाव राहील व ते राहण्यात हानीही नाही. पण 'विल' हा 'कॅन', 'मे', 'मस्ट' यांच्याच घराण्यातील शब्द आहे आणि त्यांच्यासारखाच वागतो, हे शिक्षकाला ठाऊक असले म्हणजे त्याचा भार हलका होतो.

या साहाय्यक शब्दांच्या वागण्याचा नियम मुख्य होय. प्रत्येक साहाय्यक शब्द आपल्या लगेच मागून येणाऱ्या शब्दाचे रूप ठरवितो. 'विल' व त्याचे भाऊबंद यांच्या मागून मूळ रूप येते : 'विल राइट', 'कॅन राइट'. 'हॅव'च्या मागून तिसरे रूप येते : 'हॅव रिटन'. चालू क्रिया दाखविणाऱ्या 'बी'च्या मागून 'इंग' लागलेले रूप येते : 'इज रायटिंग'. आणि काळाची खूण, तसेच कर्त्याशी जुळवून घेणारा बदल, हे दोन्ही फक्त पहिल्या शब्दावर येतात. मागच्या शब्दांना त्यांचा स्पर्शही होत नाही.

'शी हॅज बीन रायटिंग' हे वाक्य फळ्यावर सुटे करून पाहावे. पहिला शब्द 'हॅज'. तो 'शी'ला जुळून आला आहे व वर्तमानकाळ दाखवितो. त्याच्या मागून तिसरे रूपच आले पाहिजे, म्हणून 'बी'चे 'बीन' झाले. 'बी'च्या मागून 'इंग'चे रूप आले पाहिजे, म्हणून 'राइट'चे 'रायटिंग' झाले. हेच भूतकाळात न्यावयाचे तर पहिला शब्द तेवढा बदलावा : 'शी हॅड बीन रायटिंग'. भविष्यात न्यावयाचे तर सर्वांच्या पुढे 'विल' ठेवावा. मग 'विल'च्या मागून मूळ रूप हवे म्हणून 'हॅज'चे 'हॅव' होईल : 'शी विल हॅव बीन रायटिंग'. 'शी विल हॅज' असे लिहिणाऱ्या मुलाला 'विलनंतर हॅव येते' असा सुटा नियम देण्याची गरज नाही. काळाची व कर्त्याची खूण दुसऱ्या शब्दाला चिकटून राहिली आहे, ती तेथून काढावयास हवी, एवढे दाखविले की पुरे.

या साहाय्यकांचा क्रमही ठरलेला आहे : प्रथम 'विल'सारखा शब्द, मग 'हॅव', मग 'बी', शेवटी मुख्य क्रियापद. मधला कोणताही गाळता येतो, पण क्रम उलटता येत नाही. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५७ साली 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' या लहानशा पुस्तकात हा सर्व व्यवहार एका ओळीच्या सूत्रात मांडून दाखविला. ते सूत्र वर्गात नेण्याचे कारण नाही. पण शतकानुशतके व्याकरणपुस्तकांची पाने व्यापणारी गोष्ट एका ओळीत बसते, हे शिक्षकाला धीर देणारे आहे. भिंतीवरचा तक्ता आता पुन्हा पाहिला तर बारा हा आकडा कोठून आला ते उघड होते. वर्तमान, भूत आणि 'विल' अशा तीन ओळी; आणि प्रत्येक ओळीत काहीही न जोडलेले, 'बी' जोडलेले, 'हॅव' जोडलेले व दोन्ही जोडलेले असे चार रकाने.

आता 'ही डिड नॉट वेन्ट' या वाक्याचा विचार करता येईल. इंग्रजीत साध्या काळांना नकार किंवा प्रश्न करताना 'डू' आणावा लागतो. मराठीत 'तो गेला' याचा नकार 'तो गेला नाही' असा होतो. 'गेला' जसाच्या तसा राहतो व मागे 'नाही' येते. मूल हीच सवय इंग्रजीत आणते : 'वेन्ट' जसेच्या तसे ठेवून नकार तेवढा जोडते. शेक्सपिअरच्या काळी इंग्रजीतही 'आय नो नॉट' अशी सरळ वाक्यरचना चालत असे. पुढे ती मागे पडली व 'डू'चा प्रघात पक्का झाला. 'डू'सुद्धा 'विल'प्रमाणे आपल्या मागे मूळ रूप मागतो. काळाची खूण 'डू'ने स्वतःवर घेऊन 'डिड' असे रूप धारण केले की 'वेन्ट'चे पुन्हा 'गो' होते. 'डज ही गोज' ही चूकही त्याच जातीची आहे.

हे समजावण्यास खडूच पुरेसा असतो. 'ही गोज' असे लिहून शेवटची 'एस'ची खूण रंगीत खडूने दाखवावी. मग ती पुसून 'डू'च्या अंगावर चढवावी : 'ही डज गो'. नंतर 'डज' उचलून वाक्याच्या तोंडी न्यावा : 'डज ही गो?' खूण एक, ती एका वेळी एकाच ठिकाणी राहणार. 'ही डिड नॉट वेन्ट' लिहिणाऱ्या मुलाला गोष्ट भूतकाळातील आहे हे कळले आहे, 'गो'चे दुसरे रूप ठाऊक आहे, नकाराला 'डिड' लागतो हेही ठाऊक आहे. चार गोष्टींपैकी तीन त्याला येतात. सबंध वाक्यावर काट मारण्याऐवजी दोन खुणांखाली रेघ ओढून 'यातील एक काढ' असे म्हटले, तर मुलाला आपले किती बरोबर आहे तेही कळते.

मराठी मुलाला सर्वांत अडचणीचा भाग म्हणजे पूर्ण अवस्था. याचे कारण आपल्या भाषेत आहे. 'तो येत आहे' आणि 'तो आला आहे', दोन्हींत 'आहे' हाच शब्द. 'आहे' म्हणजे 'इज' असे आपणच पहिलीत शिकविलेले असते; मग 'तो आला आहे' याचे 'ही इज कम' व 'मी जेवलो आहे' याचे 'आय ॲम ईटन' होते. इंग्रजीने येथे वाटणी केली आहे : चालू क्रियेला 'बी' दिला आणि पुऱ्या झालेल्या क्रियेला 'हॅव'. 'हॅव' म्हणजे जवळ असणे, आणि पूर्णकाळातील 'हॅव' याच अर्थातून निघाला. 'पत्र माझ्याजवळ लिहिलेले आहे' अशा धर्तीच्या रचनेतून 'मी पत्र लिहिले आहे' हा अर्थ हळूहळू स्थिर झाला. प्राचीन इंग्रजीत अशा वाक्यातील धातुसाधित कधीकधी कर्माशी जुळत असे. 'मी पोळी खाल्ली आहे', 'मी आंबा खाल्ला आहे' असे म्हणणाऱ्या आपल्या मुलांना ते मुळीच विचित्र वाटले नसते. आजच्या इंग्रजीत तो जुळवून घेण्याचा प्रकार उरलेला नाही. 'ईटन' हे पोळीलाही तेच आणि आंब्यालाही तेच.

रूप बसले तरी अर्थाची अडचण राहते. 'मी कालच आलो आहे' हे मराठीत सहज बोलले जाते; इंग्रजीत 'आय हॅव कम यस्टर्डे' चालत नाही. का चालत नाही, याचे उत्तर पहिल्या शब्दात आहे. 'हॅव' हे वर्तमानाचे रूप आहे. क्रिया मागे घडली असली तरी बोलणारा आजच्या जागेवर उभा राहून तिच्याकडे पाहतो. त्यामुळे 'काल' हा गेलेल्या वेळेला खिळवून ठेवणारा शब्द तेथे बसत नाही. तत्त्वज्ञ हान्स रायशेनबाख यांनी १९४७ साली या प्रकाराची जी मांडणी केली ती शिक्षकांना उपयोगी पडेल. त्यांच्या मते काळ समजण्यास तीन बिंदू लागतात : बोलण्याचा क्षण, क्रिया घडल्याचा क्षण आणि जेथून क्रियेकडे पाहिले जाते तो क्षण. 'आय लॉस्ट द की' म्हणताना आपण किल्ली हरवली त्या वेळी मनाने जाऊन उभे राहतो. ती पुढे सापडली असेलही. 'आय हॅव लॉस्ट द की' म्हणताना आपण आता, बंद दारासमोर उभे असतो. 'आय हॅड लॉस्ट द की' म्हणताना भूतकाळातील एखाद्या प्रसंगी उभे राहून त्याच्याही मागे पाहतो. फळ्यावर एक आडवी रेघ ओढून तीन ठिपके दिले की सातवीची मुले हे समजू शकतात.

या शेवटच्या प्रकारात आणखी एक खड्डा आहे. 'मी काल बाजारात गेलो होतो' असे आपण सहज बोलतो, मग त्यानंतर काही घडलेले असो वा नसो. मूल त्याचे 'आय हॅड गॉन' असे करते. इंग्रजीत येथे साधा 'आय वेन्ट' हवा. 'हॅड' येण्यास भूतकाळातील दुसरी एखादी गोष्ट समोर असावी लागते : 'मी पोचलो तेव्हा गाडी सुटली होती.' 'होतो' दिसले की 'हॅड' लिहावे, ही सवय भाषांतराच्या वह्यांतून लागते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यानपिढ्या इंग्रजी शिकल्या हे खरे असले, तरी शब्दाला शब्द ठेवून काळ साधत नाही. याच वळणाचे तिसरे उदाहरण 'पासून'चे. 'मी दहा वर्षांपासून येथे राहतो' यात मराठी वर्तमानावर भागविते. इंग्रजी मागचा सर्व पट्टा आजपर्यंत आणून जोडते, म्हणून 'आय हॅव लिव्ड हिअर फॉर टेन इयर्स'. कालावधी सांगताना 'फॉर' आणि आरंभाचा क्षण सांगताना 'सिन्स'. मराठीत दोन्हींना 'पासून'च पुरतो, म्हणून ही फारकत वेगळी घोटून घ्यावी लागते.

चालू अवस्थेत रूपाची अडचण थोडी, वापराची मोठी. 'आय ॲम नोइंग', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' अशी वाक्ये आपल्याकडे शिकलेली माणसेही बोलतात. जाणणे, असणे, आवडणे, हवे असणे या स्थिती आहेत. त्या करावयाच्या क्रिया नव्हेत, म्हणून त्यांना सहसा 'इंग' लागत नाही. मराठी मुलाच्या हाती यासाठी एक घरचे साधन आहे. मराठीत ज्या ठिकाणी 'मी'च्या जागी 'मला' येतो, तेथे इंग्रजीत 'इंग' लावण्यापूर्वी थांबावे : मला माहीत आहे, मला आवडते, मला आठवते, मला हवे आहे, मला दोन भाऊ आहेत. हा नियम पक्का नाही; 'मला खोकला येत आहे' याला 'आय ॲम कॉफिंग' हेच बरोबर. तरी वर्गात होणाऱ्या बऱ्याच चुका तो अडवितो, आणि मराठीचा आधार मिळाल्याने लक्षातही राहतो.

बाराही घरांना सारखा वेळ देणे मात्र व्यर्थ आहे. 'विल हॅव बीन रायटिंग' ही रचना इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडीही क्वचितच येते. परीक्षेत ती विचारली जाते म्हणून एकदा जुळवून दाखवावी व पुढे जावे. साधा वर्तमान, साधा भूत, त्यांचे नकार व प्रश्न, चालू वर्तमान आणि पूर्ण वर्तमान यांवर वर्षाचा बहुतेक वेळ खर्च व्हावा. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे तुकडे कापून एकेकावर 'विल', 'हॅव', 'हॅज', 'हॅड', 'बी', 'बीन', 'इज', 'वॉज' आणि एका क्रियापदाची पाचही रूपे लिहावीत, व मुलांना गटागटाने ती ओळीत लावावयास सांगावे. चुकीचा तुकडा लावला की शेजारचा तुकडाच तो नाकारतो. शिक्षकाने बोलण्याची गरज पडत नाही.

हेच तुकडे पुढे कर्मणी प्रयोगालाही उपयोगी पडतात. तेथे 'बी' पुन्हा येतो, पण या वेळी तो आपल्या मागे तिसरे रूप मागतो : 'द लेटर इज रिटन'. 'बी' एकच, कामे दोन. कोणते काम चालले आहे हे मागच्या शब्दाच्या शेपटावरून ओळखावयाचे. दोन्ही कामे एका वाक्यात आली की 'द हाउस इज बीइंग बिल्ट' अशी रचना होते. पहिला 'बी' चालू क्रियेचा, म्हणून त्याच्या मागे 'बीइंग'. दुसरा कर्मणीचा, म्हणून त्याच्या मागे 'बिल्ट'. ही रचना इंग्रजी लेखनात अठराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागली. त्यापूर्वी 'द हाउस इज बिल्डिंग' असे म्हणत, आणि नव्या रचनेला एकोणिसाव्या शतकातील काही व्याकरणकारांनी ती ओबडधोबड आहे म्हणून नावेही ठेवली. आठवीच्या मुलांना 'शाळा बांधली जात आहे', 'शाळा बांधली जात होती' आणि 'शाळा बांधली गेली आहे' ही तीन वाक्ये देऊन पुठ्ठ्याच्या तुकड्यांनी इंग्रजीत लावावयास सांगावीत. तिसऱ्या वाक्याला 'हॅज', 'बीन' आणि 'बिल्ट' हे तीन तुकडे लागतील.